बूट फ्लॉपी अडली तर काय करायचं: जुन्या पीसीवर विंडोज ९८ टाकणाऱ्यांसाठी

साताऱ्यात माझ्या मामांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची पत्रकं असं सगळं काम वीसेक वर्षं एकाच पेंटियम थ्री पीसीवर झालं. पेजमेकरच्या फाइली जुन्या मराठी फाँटातल्या, आणि ते फाँट चालवणारं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात डाँगल लावल्याशिवाय उघडतच नाही. गेल्या पावसाळ्यात त्या पीसीची हार्ड डिस्क गेली. फाइलींचा बॅकअप सीड्यांवर होता, पण त्या उघडायला पुन्हा विंडोज ९८ टाकणं भाग होतं. त्यांच्याकडची सीडी बूट होणारी नव्हती, म्हणजे फ्लॉपी आलीच.

या कामात माझे तीन दिवस गेले, त्यातले दोन चुकीच्या जागी शोधण्यात. जुना डीटीपीचा पीसी, वर्कशॉपमधल्या मशिनला जोडलेला पीसी किंवा हौसेने जपलेला पेंटियम परत चालू करायला बसलेल्या कुणाचेही ते दोन दिवस वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फ्लॉपीवरून बूट होणं हे एकच काम नाही. आधी बायोस, म्हणजे पीसी चालू होताच सगळ्यात पहिला चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, ड्राइव्हला हाक मारतो. मग फ्लॉपीचा अगदी पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइटचा, मेमरीत येतो. तो सेक्टर सिस्टिमच्या फाइली शोधून उचलतो. त्या फाइली सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर चढवतात. गाडी यातल्या ज्या पायरीवर थांबली, तिथेच दोष शोधायचा. पडद्यावरचा संदेश ती पायरी सांगतो. तो न वाचता फ्लॉपीमागून फ्लॉपी बदलत राहिलात तर हाती काही लागत नाही.

जवळ काय काय हवं

विंडोज ९८ ची सीडी आणि तिची २५ अक्षरी प्रॉडक्ट की. ती बहुतेक वेळा सीडीच्या पाकिटावर किंवा पुस्तिकेवर छापलेली असते. की सापडत नसेल तर पुढे जाऊच नका, आधी ती शोधा.

१.४४ एमबीच्या किमान चार-पाच फ्लॉप्या. एकीवर विसंबू नका. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं. आज बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणारी सीलबंद फ्लॉपीसुद्धा जुन्या साठ्यातलीच असते.

चालू असलेला दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह, शक्यतो कॅबिनेटच्या आत बसणारा. यूएसबीवाला चालतो, पण त्याची एक अडचण आहे, ती पुढे येईल.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा गुंडाळलेल्या काड्या, चांगला स्क्रू ड्रायव्हर, बटण सेल (सीआर२०३२) आणि वही-पेन. वही खरंच जवळ ठेवा. प्रत्येक संदेश शब्दशः लिहून घ्यायचा आहे.

१. जुनी हार्ड डिस्क आधी सोडवून ठेवा

पीसीत जुनी हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर कामाचं काही असेल, तर फ्लॉपीचा प्रश्न सुटेपर्यंत तिची डेटा केबल आणि पॉवर दोन्ही काढून ठेवा. फ्लॉपी नीट चालायला लागली की माणूस त्या आनंदात भराभर पुढे जातो आणि एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नको ते पार्टिशन उडवून बसतो. डिस्क दुसऱ्या पीसीला लावून तिची पूर्ण प्रत काढून घ्या. या लेखातली एवढी एकच गोष्ट पाळलीत तरी मला समाधान आहे.

२. फ्लॉपी उजेडात धरून पाहा

फ्लॉपीची पत्र्याची सरकती झडप अंगठ्याने बाजूला करा आणि मागचा धातूचा गोल बोटाने हळूहळू फिरवत आतली चकती तिरक्या उजेडात बघा. चकती काळपट तपकिरी आणि एकसारखी चकचकीत दिसायला हवी. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही मुंबई-कोकणात ठेवलेल्या फ्लॉप्यांवर पांढरट ठिपके किंवा धुरकट डाग दिसतात. ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशीची पूड हेडला, म्हणजे ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला चिकटते, आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा ओढतं. मामांच्या कपाटातल्या डब्यात तेवीस फ्लॉप्या होत्या, त्यातल्या नऊ मी ड्राइव्हमध्ये न घालताच बाजूला काढल्या. चकतीवर गोल रेघ उमटलेली दिसली तर तीही बाद.

आता कोपऱ्यातली भोकं बघा. दोन्ही कोपऱ्यांत भोक असेल तर फ्लॉपी १.४४ एमबीची. एकाच कोपऱ्यात असेल तर ती ७२० केबीची जुनी फ्लॉपी, आपल्या कामाची नाही. सरकपट्टी असलेलं भोक लिहिणं रोखण्यासाठी असतं. ते उघडं दिसत असेल तर फ्लॉपीवर लिहिता येत नाही, झाकलेलं असेल तर येतं. बूट फ्लॉपी एकदा तयार झाली की ते भोक उघडं करून ठेवायचं. छापखान्यांतून फिरलेल्या जुन्या पीसीत बूट सेक्टरचे व्हायरस आजही सापडतात, आणि या पट्टीइतका खात्रीचा अटकाव दुसरा नाही.

३. फ्लॉपीची परीक्षा घ्या

फ्लॉपीवर आधी पूर्ण फॉरमॅट मारा. क्विक फॉरमॅटवर खूण असेल तर ती काढून टाका, कारण क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, चकती तपासत नाही. डॉस प्रॉम्प्टवरून फॉरमॅट केलात तर शेवटी हिशेब दिसतो. एकूण जागा १४,५७,६६४ बाइट आणि वापरता येण्याजोगी जागाही तेवढीच दिसली तर फ्लॉपी उत्तम. मध्येच बॅड सेक्टरची ओळ आली, मग तो एक सेक्टर का असेना, ती फ्लॉपी या कामातून बाद करा.

इतकं कडक का व्हायचं? साध्या फाइली कॉपी करताना डॉस खराब सेक्टर टाळून पुढे जातो, त्यामुळे थोडी खराब फ्लॉपी पत्रव्यवहाराला चालून जाते. बूट फ्लॉपीची इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत) लिहिताना मात्र ८० ट्रॅक, दोन बाजू आणि प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर असे २८८० च्या २८८० सेक्टर जसेच्या तसे उतरवावे लागतात. तिथे टाळायला जागा नसते. ‘ट्रॅक झिरो बॅड’ असा संदेश आला तर प्रश्नच मिटला, बूट सेक्टर त्याच ट्रॅकवर असतो.

४. बूट फ्लॉपी बनवा

विंडोज ९८ चालू असलेला दुसरा पीसी मिळाला तर सगळ्यात सोपं. कंट्रोल पॅनेलमध्ये ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स उघडा, स्टार्टअप डिस्कच्या टॅबवर जा आणि क्रिएट डिस्क दाबा. सीडी मागेल ती द्या.

तसा पीसी नसेल तर इमेज फाइलवरून फ्लॉपी बनवावी लागते, आणि नवखे बहुतेक करून इथेच फसतात.

पहिला सापळा: इमेजची फाइल माउसने ओढून फ्लॉपीवर टाकणं. तसं केलं की फ्लॉपीवर एक मोठी फाइल असते, पण बूट सेक्टर जुनाच राहतो. इमेज उतरवायला रॉराइटसारखा प्रोग्रॅम लागतो, लिनक्सवर डीडी. आधी फाइलचा आकार बघा. तो नेमका १४,७४,५६० बाइट असायला हवा. कमी असेल तर डाउनलोड अर्धवट झालं आहे किंवा फाइल झिप केलेली आहे.

दुसरा सापळा लिनक्सवाल्यांसाठी, आणि तो महागात पडतो. आतला फ्लॉपी ड्राइव्ह लिनक्समध्ये एफडी-शून्य या नावाने दिसतो. यूएसबीवाला मात्र हार्ड डिस्कसारखाच एसडी-बी, एसडी-सी अशा नावाने येतो. डीडी देताना एक अक्षर चुकलं तर तुमच्या चालू डिस्कची सुरुवात पुसली जाते. आधी सगळ्या डिस्कची यादी काढा आणि ज्या नावापुढे १.४ एमबीच्या आसपास आकार दिसतो तेच नाव द्या.

तिसरा सापळा: विंडोज एक्सपीच्या फॉरमॅट खिडकीत एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क बनवायचा पर्याय आहे. त्यातून बनलेली फ्लॉपी बूट होते, पण तिच्यात सीडी ड्राइव्हचे ड्रायव्हर नसतात. नवखा माणूस ए प्रॉम्प्टपर्यंत (फ्लॉपीवरून डॉस चालू होऊन हुकूम टाइप करायची ओळ येते तिथवर) पोचतो आणि सीडी का दिसत नाही म्हणून सीडी ड्राइव्ह उघडून बसतो.

आता यूएसबी ड्राइव्हची अडचण. घरी यूएसबी ड्राइव्हवर बनवलेली माझी फ्लॉपी घरी बिनचूक वाचली जायची. छापखान्यातल्या पीसीत घातली की कर्र-कर्र करत चार-पाच वेळा प्रयत्न व्हायचा आणि डेटा एरर. दुसरी घातली, तिसरी घातली, तोच प्रकार. फ्लॉप्या चांगल्या होत्या आणि ड्राइव्हही बिघडलेला नव्हता. दोन ड्राइव्हच्या हेडची रेषा एकमेकांशी जुळत नव्हती, एवढंच. जुन्या ड्राइव्हचं हेड वर्षानुवर्षांच्या वापराने केसभर सरकतं, आणि मग तो स्वतः लिहिलेलं वाचतो, दुसऱ्याचं वाचत नाही. उपाय सरळ आहे: ज्या ड्राइव्हवरून बूट करायचं त्याच ड्राइव्हवर फॉरमॅट करून तिथेच इमेज लिहायची. मी छापखान्यातला ड्राइव्ह सोडवून दुसऱ्या जुन्या पीसीला लावला, त्यावर फ्लॉपी बनवली आणि ड्राइव्ह परत जागेवर बसवला. पहिल्या फटक्यात बूट झालं. यासाठी पहिल्या दिवशी कुणी मला अर्धं वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं.

५. बायोस सेट करा

पीसी चालू करताच डिलीट दाबून बायोसमध्ये जा. तीन गोष्टी बघायच्या. पहिल्या पानावर ड्राइव्ह ए पुढे १.४४ एमबी, साडेतीन इंच असं असलं पाहिजे. बूट सीक्वेन्समध्ये ए सगळ्यात आधी हवा. आणि मदरबोर्डवरचा फ्लॉपी कंट्रोलर चालू म्हणजे एनेबल्ड हवा, हा पर्याय बहुधा इंटिग्रेटेड पेरिफेरल्सच्या पानावर असतो. व्हायरस वॉर्निंग नावाचा पर्याय दिसला तर तो तात्पुरता बंद करा, नाहीतर पुढे एफडिस्क बूट सेक्टर लिहायला गेला की बायोस मध्ये पडतो.

सेव्ह करून पीसी पूर्ण बंद करा, पाच मिनिटं प्लग काढून ठेवा आणि पुन्हा बायोसमध्ये जाऊन बघा. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल मेला आहे. तो बदलल्याशिवाय केलेली सेटिंग टिकणार नाहीत.

६. केबल आणि पॉवर

फ्लॉपीची ३४ पिनांची चपटी केबल नीट बघा. तिच्या एका टोकाजवळ काही तारा चिरून उलट्या फिरवलेल्या असतात, त्याला पीळ म्हणतात. पिळाच्या पलीकडचं टोक ड्राइव्हला लावायचं, म्हणजे तो ए होतो. मधल्या टोकाला लावलात तर तो बी होतो, आणि बायोस बी वरून बूट करत नाही.

पीसी चालू केल्यापासून ड्राइव्हचा दिवा विझतच नसेल तर केबल एका बाजूला उलटी बसली आहे. लाल कडेची तार दोन्हीकडे पिन एकच्या बाजूला आली पाहिजे. दिवा असा सतत पेटलेला असताना चांगली फ्लॉपी आत घालू नका, तिच्यावरचा मजकूर खराब होऊ शकतो. दिवा पेटतच नसेल तर एसएमपीएसकडून (पॉवर सप्लायकडून) येणारा चार पिनांचा लहान प्लग बघा. तो एक पिन सरकूनही बसतो, म्हणून घाई न करता लावा.

हेड साफ करायला कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून निथळून घ्या आणि वरचं-खालचं हेड हलक्या हाताने पुसा. वरचं हेड पातळ पट्टीवर असतं. ते वर उचलून धरू नका, पट्टी वाकली की ड्राइव्ह कामातून गेला.

७. पडद्यावर काय आलं ते वाचा

फ्लॉपी घालून पीसी चालू करा. दिवा पेटतो का, मोटर फिरते का, ते कानाने-डोळ्यांनी टिपा आणि आलेला संदेश वहीत उतरवा.

‘फ्लॉपी डिस्क फेल (४०)’. हे बायोसचे शब्द आहेत. गाडी पहिल्याच पायरीवर आहे. फ्लॉपीला हात लावू नका, वरच्या दोन टप्प्यांत परत जा.

‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क’. हेही बायोस बोलतो आहे: त्याला बूट होण्यासारखं कुठेच काही सापडलं नाही. बूट सीक्वेन्स बघा, मग फ्लॉपी वाचली जाते का ते बघा.

‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’. हा संदेश दिसला की लोक घाबरतात आणि केबल उपटायला लागतात. वास्तविक ही चांगली खबर आहे. हे शब्द फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये लिहिलेले असतात. ते पडद्यावर आले याचा अर्थ बायोस, केबल, ड्राइव्ह सगळं चालतं आहे आणि पहिला सेक्टर वाचला गेला आहे. फक्त पुढच्या सिस्टिम फाइली फ्लॉपीवर नाहीत किंवा वाचता येत नाहीत. म्हणजे चौथा टप्पा पुन्हा करायचा. (हार्ड डिस्क जोडलेली असेल तर हा संदेश तिच्या बूट सेक्टरकडूनही येऊ शकतो, म्हणून ती सोडवून ठेवा म्हटलं.)

‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. फ्लॉपी विंडोज २००० किंवा एक्सपीवर नुसती फॉरमॅट झाली आहे, बूट फ्लॉपी बनलेलीच नाही.

‘स्टार्टिंग विंडोज ९८’ येऊन गाडी थांबली तर मेनू दिसताना शिफ्ट आणि एफ८ दाबा. मग प्रत्येक ओळ विचारून चालते, आणि कुठल्या ओळीला अडकतं ते कळतं. हायमेम (डॉसचा मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) मेमरीबद्दल तक्रार करत असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून, टोकं पुसून, एकेक लावून बघा.

‘बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर’ किंवा ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए’. फ्लॉपी मध्येच कुठेतरी वाचली जात नाही. दुसरी फ्लॉपी, आणि तीही त्याच ड्राइव्हवर बनवलेली. दोन नव्या फ्लॉप्यांवरही हेच आलं तरच ड्राइव्ह बदला.

८. ए प्रॉम्प्ट आला, पण सीडी कुठे आहे?

मेनूत पहिला पर्याय, सीडी-रॉम सपोर्टवाला, निवडायचा. फ्लॉपी मेमरीत एक छोटा रॅम ड्राइव्ह बनवते आणि फॉरमॅटसारखी साधनं त्यात उघडून ठेवते. या रॅम ड्राइव्हला एक अक्षर मिळतं, आणि त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे ढकललं जातं. नेहमी डी असलेली सीडी इथे ई होते. कोऱ्या, पार्टिशन नसलेल्या डिस्कवर आणखी गोंधळ: सी हे अक्षर रॅम ड्राइव्हच घेतो आणि सीडी डी वर येते. पार्टिशन करून पुन्हा बूट केलंत की दोघं एकेक घर पुढे सरकतात. म्हणून पाठ केलेल्या अक्षरावर जाऊ नका. पडद्यावर रॅम ड्राइव्हचं आणि सीडीचं अक्षर छापून येतं, तेच वहीत लिहा.

‘डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड, एमएससीडी००१’ आलं तर ड्रायव्हरला सीडी ड्राइव्ह सापडलेला नाही. एकाच केबलवर दोन ड्राइव्ह असतील तर मागचे जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) बघा, एक मास्टर आणि एक स्लेव्ह हवा. साटा ड्राइव्ह असेल तर तो बायोसमध्ये आयडीई मोडवर घ्या. तेही जमलं नाही तर सरळ चपट्या केबलचा जुना सीडी ड्राइव्ह मिळवा, वेळ वाचेल.

९. डिस्क तयार करून सेटअप चालवा

आता नवी किंवा रिकामी हार्ड डिस्क जोडा. एफडिस्क सुरू होताच मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का विचारतो, त्याला हो म्हणा, म्हणजे फॅट३२ मिळतं. प्रायमरी पार्टिशन करा आणि ते ॲक्टिव्ह झालं आहे याची खात्री करा. मग पीसी रीस्टार्ट करा. रीस्टार्ट न करता फॉरमॅट मारायला गेलात तर सी सापडत नाही, आणि माणूस पुन्हा फ्लॉपीवर संशय घेतो. ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर या एफडिस्कचे आकडे चुकीचे दिसतात, त्यामुळे ४० जीबीच्या आसपासची डिस्क सगळ्यात सुखाची.

फॉरमॅट झाल्यावर सेटअप सीडीवरून चालवण्याआधी सी वर विन९८ नावाचं फोल्डर करा, सीडीवरच्या त्याच नावाच्या फोल्डरमधल्या फाइली त्यात कॉपी करा आणि सेटअप तिथून चालवा. पुढे प्रिंटर, साउंड कार्ड काहीही टाकताना विंडोज सारखी सीडी मागते, तेव्हा ती फाइली इथूनच घेते. रॅम ५१२ एमबीपेक्षा जास्त असेल तर जादाची पट्टी आधीच काढून ठेवा. इतक्या मेमरीवर विंडोज ९८ उलट ‘मेमरी अपुरी’ म्हणून थांबते.

सेटअपने पहिला रीस्टार्ट मागितला की फ्लॉपी बाहेर काढायची. ती आतच राहिली तर पीसी पुन्हा त्याच मेनूवर येतो आणि सेटअप अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. नंतर बायोसमध्ये सी पहिला करा, व्हायरस वॉर्निंग चालू करा.

चाललेल्या फ्लॉपीची लगेच दुसरी प्रत काढा, त्याच ड्राइव्हवर. दोन्हींवर तारीख आणि ‘हा ड्राइव्ह’ असं लिहा. मामांच्या छापखान्यात त्या दोन फ्लॉप्या आता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात आहेत, आणि डब्याच्या झाकणाला आतून प्रॉडक्ट कीचा कागद चिकटवला आहे.